सोपटाने घेतलेलं माप

थंडी पडली की आमच्या असोद्याच्या शिवारात रोज कुठे ना कुठे धूर निघतो. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, त्यात टाकलेली हिरवी भरताची वांगी, साल काळं पडून फुटलं की येणारा गोडसर वास, आणि शेजारी लाकडी बडगीत ठेचली जाणारी मिरची. जळगावहून गाड्या भरभरून लोक येतात. डॉक्टर येतात, वकील येतात, त्यांच्या घरची मंडळी सतरंजीवर मांडी घालून बसतात आणि म्हणतात, काय सुखाचं आयुष्य आहे तुम्हा लोकांचं. मी हसतो, ताटात भरीत वाढतो आणि हळूच सतरंजीच्या कडेला काढून ठेवलेल्या जोड्यांकडे बघतो. तळ सपाट की उंच, कडा मऊ की घट्ट, पुढे बोटांना जागा किती. आठ वर्षं झाली ही खोड लागून. दर हिवाळ्यात ती वर येते आणि माझं जेवणावरचं मन उडवते.

कारण असल्याच भरताच्या दिवसांत मी माझ्या मुलीसाठी, तेजलसाठी, टेनिसचे पहिले जोडे घेतले होते. घेतले कसले, घोळ घातला. त्या घोळाचा मला अजून राग येतो. दुकानदारांचा येतो, त्या धुळ्याच्या सिमेंटच्या कोर्टाचा येतो, स्वतःचा तर येतोच येतो. बायको म्हणते, "जाऊ द्या ना आता, पोरगी नोकरीले लागली." तिचं बरोबर आहे. पण जाऊ द्या म्हटल्यावर गोष्ट जाते, असा काही माझा अनुभव नाही.

तेजल तेव्हा नववीत होती. शाळा जळगावला. शाळेजवळच्या एका जुन्या क्लबाचं लाल मातीचं कोर्ट होतं आणि तिथले सर शाळेतल्या चार पोरींना सकाळी शिकवायचे. पहाटेच्या गारठ्यात मी तिला मोटारसायकलवर सोडायला जायचो. मागे बसून ती रॅकेट छातीशी धरायची, म्हणजे माझ्या पाठीला सगळ्या रस्त्याने ती रॅकेट टोचायची. गावात टेनिस म्हणजे काय हे सांगून सांगून माझ्या नाकी नऊ आले होते. कुणी भेटलं की विचारायचं, "काय आबा, बॅडमिंटन कसं चाललं पोरीचं?" एकाने तर रॅकेट हातात घेऊन तोलली आणि म्हणाला, "याच्यानं मच्छर मरतीन का?" मलाही खेळ कळत होता अशातला भाग नाही. पण लाल मातीवर घसरत जाऊन ती चेंडू परतवायची तेव्हा सर नुसते मान हलवायचे, आणि मला ते मान हलवणं बरोबर कळायचं. आपल्या केळीच्या बागेत चांगला घड लागला की व्यापारी तोंडाने काही बोलत नाही, तसाच मान हलवतो.

एका सकाळी सरांनी मला कोर्टाबाहेर थांबवलं. तेजलच्या पायात शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट होते, पीटीचे. उजव्या बुटाला अंगठ्याजवळ भोक पडलं होतं आणि तळ इतका झिजला होता की ओल्या मातीवर त्याचा ठसासुद्धा उमटायचा नाही.

"भाऊ," सर म्हणाले, "विभागीय सामने धुळ्याला आहेत, महिन्याने. तिथे सिमेंटचं कोर्ट आहे. पोरीच्या हातात खेळ आहे. तिथे जिंकली तर राज्याला जाईल, आणि एकदा राज्याला गेली की पुढचं शिकवणारी माणसं तिला शोधत येतील. इथे माझ्यापाशी आता तिला शिकण्यासारखं फार उरलेलं नाही. पण या असल्या बुटांवर मी तिला सिमेंटवर उतरवणार नाही. टेनिसचेच जोडे घ्या."

"टेनिसचेच म्हणजे?"

"पळायचे नको. पळायचा जोडा सरळ पळायला असतो. हिला बाजूला पळायचंय, थांबायचंय, वळायचंय. तळ सपाट पाहिजे आणि कडेला घट्ट. नाहीतर घोटा जाईल."

मला ते अगदी पटलं. ही साधी गोष्ट आहे, दोन दिवसांत उरकू, असं मी म्हणालो. माणूस किती सहज बोलून जातो.

तेजल कधी काही मागणारी पोर नव्हती. त्या दिवशी परतताना मात्र ती पाठीमागून म्हणाली, "आबा, मीपण येते ना दुकानात. मला घालून बघायचेत."

"तुझी शाळा, तुझी प्रॅक्टिस. कुठे हिंडतेस माझ्यासोबत दुकानं? मी माप घेऊन जातो."

आमच्या घरात हीच रीत. बाजाराला एकच माणूस जायचा आणि सगळ्या घराची मापं घेऊन जायचा. बांगडीला जुनी बांगडी, पोलक्याला जुनं पोलकं, आणि पायाला सोपट. सोपट म्हणजे केळीच्या खोडाचं साल. बागेत आमच्या हाताला दुसरी दोरी ठाऊकच नसते; घड बांधा, भारा बांधा, कुंपणाची काटी बांधा, ओढलं खोडावरून एक सोपट की झालं काम. माझे वडील सात जणांच्या चपला सोपटाच्या सात पट्ट्या खिशात घालून आणायचे आणि आणलेल्या चपला बसायच्या. निदान आम्हाला तसं वाटायचं. आज विचार करतो तर लहानपणी आम्ही भावंडं चप्पल पायात कमी आणि हातात जास्त घेऊन फिरायचो. ते का, हे कधी कुणी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी तेजल शाळेतून आली ती तशीच बागेत. ठिबकने भिजलेली जमीन गार पडली होती. मी ताज्या खोडाचं सोपट ओढलं, लांब पट्टी फाडली आणि तिला म्हटलं, ठेव पाय. तिने अनवाणी पाय ठेवला आणि गारव्याने अंग चोरून हसली. मी टाचेशी एक गाठ मारली, अंगठ्यापाशी दुसरी. तिच्या तळपायाची माती त्या पट्टीला लागली होती. मी ती गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली. "दोन दिवसांत आणतो," म्हणालो. तिने लगेच विचारलं, "पांढरे?" मी म्हटलं, "बघू."

आणि मग सुरू झाली पायपीट. जळगावात मी किती दुकानं पालथी घातली ते आठवलं तरी डोक्यात तिडीक जाते. पहिल्याने क्रिकेटचे दाखवले, खाली खिळे असलेले. दुसऱ्याने चालायचे दाखवले, मधुमेहवाल्यांचे. तिसरा म्हणाला, "काका, जोडा तो जोडा. टेनिसचा वेगळा आणि कॅरमचा वेगळा असं काही नसतं." चौथ्याकडे पोरींच्या नंबरात फक्त गुलाबी, त्यावर चमचमतं फूल, आणि टाच दाबली की लाल दिवा लागायचा. मी तो दिवा बघत उभा राहिलो. त्याला वाटलं मला आवडला. त्याने दुसऱ्या पायाचाही लावून दाखवला.

मोबाईलवर मागवा, असं मंगलाने, माझ्या बायकोने, तेव्हाच सांगितलं होतं. मी तिच्यावरच चिडलो. हातात धरल्याशिवाय, वास घेतल्याशिवाय, तळ वाकवून बघितल्याशिवाय जोडा घ्यायचा? "मग तिले संगं घेऊन जा," ती म्हणाली. "पाय तिचा, तुमी कायले एकले फिरू राह्यले?" मी जेवायला वाढ म्हणालो.

मध्येच बागेत कापणी लागली. ट्रक दारात, माणसं कमी, थंडीने माल पिवळा पडायची भीती; पाच-सहा दिवस मान वर करायला फुरसत मिळाली नाही. तेजल रोज संध्याकाळी घरी आली की आधी ओट्यावर नजर टाकायची. पिशवी नाही हे बघायची आणि आत जायची. मी उगाचच तिला म्हणायचो, "आणतो ना. पळून चाललेत का जोडे?"

शेवटी सरांनीच सांगितलं, धुळ्याला एक दुकान आहे, तिथे मिळतील. मी सकाळची एसटी धरली. धुळ्याचं ऊन थंडीतही कोरडं, तोंडावर आल्यासारखं. स्टँडबाहेर एका दुकानात चौकशी केली तर गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "बठ्ठं शे भाऊ, पन टेनिसनं नही." सगळं होतं, टेनिसचंच नव्हतं. त्याने बोट दाखवलं त्या गल्लीत पारसशेठचं दुकान सापडलं. पांढरेशुभ्र कपडे, कपाळावर केशराचा ठिपका, हळू बोलणारा म्हातारा माणूस. मी टेनिस म्हटल्यावर त्याने कपाळाला आठी घातली नाही, हेच मला एवढं बरं वाटलं की मी मटकन स्टुलावर बसलो.

त्याने आतून खोके आणले. पातळ कागदात गुंडाळलेला जोडा, पांढरा, कडेला एक निळी रेघ. मी तळ दाबला, कड दाबली, नाकाशी नेला. नव्या रबराचा वास. सरांनी सांगितलं होतं अगदी तसा. इतके दिवस शोधून सापडलेली वस्तू हातात आली की माणसाची अक्कल थोडी रजेवर जाते, तसं माझं झालं.

"बच्ची कुठे आहे?" शेठने विचारलं.

"माप आणलंय." मी खिशातून सोपट काढलं.

शेठने ते बोटांनी सरळ केलं. ते तपकिरी झालं होतं, कडक, वळलेलं. त्याने जोड्यात आत सोडून बघितलं आणि म्हणाला, "चार नंबर येतोय याने. पण भाऊ, नववीतली बच्ची म्हणता, मला पाच वाटतो. तिला घेऊन या ना. मी हा जोडा बाजूला ठेवतो."

"घेऊन या म्हणजे परत धुळं? शेठ, आमचं माप कधी चुकत नाही."

गिऱ्हाइकाशी वाद न घालणारा माणूस. त्याने चार नंबर बांधून दिला.

आता यातली चीड आणणारी गोष्ट सांगतो. ओलं सोपट वाळलं की आखडतं, हे असोद्यातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. म्हणून तर आम्ही ओल्या सोपटाने बांधतो. वाळलं की गाठ आपोआप आवळते, घड हलत नाही. मी जन्मभर हे हाताने केलं आहे. आणि तेच सोपट मी आठ-दहा दिवस अंगाच्या उबेला खिशात वाळवलं, वर त्याला दोन गाठी, आणि धुळ्याच्या म्हाताऱ्याला छाती पुढे काढून सांगितलं की आमचं माप चुकत नाही. वडिलांचं जमायचं, कारण ते सकाळी माप घ्यायचे आणि दुपारी बाजारात असायचे. एवढी साधी गोष्ट. मी जितकी जास्त दुकानं हिंडलो तितकं ते माप लहान होत गेलं.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तेजलने खोकं मांडीवर घेतलं, कागद हळू उलगडला, निळ्या रेघेवरून बोट फिरवलं. मग पाय घातला. थोडी ओढाताण झाली. मी म्हणालो, "नवा जोडा घट्टच असतो. बसला बघ कसा." ती उभी राहिली, ओट्यावर चार पावलं चालली आणि म्हणाली, "हो. छान आहेत, आबा." मंगलाने तिच्याकडे बघितलं. मी तेवढा वेळ शेठच्या दुकानाचं वर्णन करत होतो.

सामन्याच्या दिवशी मी तिच्यासोबत धुळ्याला गेलो. सिमेंटचं हिरवं रंगवलेलं कोर्ट, चारी बाजूंनी जाळी, उन्हात नजर ठरत नव्हती. पहिला सेट तिने घेतला. जाळीला बोटं अडकवून मी उभा होतो. इतका आनंद मला बागेतल्या कुठल्या मालाने दिलेला नाही. मग दुसऱ्या सेटला काहीतरी बिघडलं. कोपऱ्यातल्या चेंडूला ती अर्ध्या वाटेत थांबायची. वळताना पाऊल पूर्ण टेकवायचीच नाही. सर ओरडत होते, "पाय, तेजल, पाय." ती मान हलवायची आणि पुन्हा थांबायची. समोरची पोरगी धुळ्याचीच होती, तेजलपेक्षा बुटकी, खेळ साधा. पण ती पळत होती. दुसरा सेट गेला, तिसराही गेला.

स्टँडवर गाडीची वाट बघताना माझा तोल सुटला. "झोपली होती का कोर्टावर? पाय का उचलत नव्हतीस? जळगाव-धुळं एक केलं तुझ्या जोड्यांसाठी, ते हे बघायला?" माझा आवाज मुळात मोठा. बागेच्या या टोकाहून त्या टोकाला हाका मारणाऱ्या माणसाचा आवाज. दोन-चार वाक्यं बोललो असेन, जास्त नाही. तिच्या सोबतच्या पोरी गाडीच्या पाटीकडे बघू लागल्या.

घरी तिने मोजे काढले तेव्हा मंगलाने मला आत हाक मारली. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली होती, एक मुळातून हललं होतं. आतली गादी काढून, पातळ मोजे घालून तिने तो जोडा पायात कोंबला होता. मी तसाच बागेत गेलो, ताजं सोपट ओढलं, झोपलेल्या तेजलच्या पायाशी लावलं आणि खिशातलं वाळकं त्याच्याशेजारी धरलं. मंगला बघत होती. वाळकं आखूड पडलं.

पुढच्याच आठवड्यात मी पाच नंबर आणला. शेठने वापरलेला जोडाही बदलून दिला, आणि त्याच्या त्या भलेपणाचा मला आणखी राग आला. तेजलने तो घातला, उन्हाळ्यापर्यंत कोर्टावर गेलीही. मग म्हणाली, दहावी आहे, आता नको. सर दोनदा घरी आले. ती चहा देऊन आत गेली. पाच नंबरचा तळ अजून पुरता झिजलेला नाही.

आठ वर्षं मी या गोष्टीला सोपटानेच बांधून ठेवलं. सोपट आखडलं नसतं तर. कापणी मध्ये आली नसती तर. तेजलला सोबत नेलं असतं तर. टीव्हीवर कुठे टेनिस लागलं की मी खेळ बघत नाही, पाय बघतो. खेळणारी पोरगी कशी बाजूला पळते, कशी थांबते, वळताना पाऊल पूर्ण टेकवते. कुणाच्याही पायात जोडा नीट बसलेला दिसला की माझं मन कडू होतं. आपल्या पोरीचा खेळ आपण एका नंबराने घालवला, हे रोज स्वतःला सांगत जगणं सोपं नाही. आणि तिच्याशी ते बोलायचं धाडस तर मला कधी झालंच नाही. ती नाशिकला असते, कंपनीत आहे, फोनवर आम्ही पाऊसपाणी बोलतो.

परवा ती दोन दिवसांसाठी आली होती. जायच्या दुपारी बॅग भरत होती आणि मी दारात उभा होतो. तोंडातून निघून गेलं. "तेजू, ते जोडे लहान नसते तर तू खेळत राहिली असतीस ना?"

"कोणते जोडे?"

तिला खरोखर आठवावं लागलं. मग म्हणाली, "ते होय. अहो आबा, नख महिनाभरात आलं की. तुम्ही अजून ते धरून बसलात?"

"मग खेळ का सोडलास?"

ती कपड्याची घडी घालता घालता थांबली. सांगावं की नाही याचा विचार तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. "तुम्ही स्टँडवर बोललात ना," ती म्हणाली. "ती धुळ्याची मुलगीपण गाडीसाठी तिथेच थांबली होती. तुमच्या मागे. तिच्या आईने तिला तोंड पुसायला रुमाल दिला होता आणि ती तोंड न पुसता माझ्याकडे बघत होती. नंतर कोर्टावर गेलं की चेंडू यायच्या आधी मला तुमचा आवाज यायचा. पाय का उचलत नाहीस. मग पाय उचलायचेच नाहीत. नव्या जोड्यातही नाही उचलले."

मला त्या स्टँडवरची ती मुलगी आठवत नाही. तिची आई आठवत नाही. माझी वाक्यंसुद्धा नीट आठवत नाहीत. मला आठवतो तो जोडा, त्याची निळी रेघ, चारचा पाच झालेला नंबर. आठ वर्षं मी ज्याची माफी मागायची तयारी करत होतो, ती तिला नकोच होती.

"चुकलं माझं," मी म्हणालो. हे शब्द मी तिला पहिल्यांदाच म्हणत होतो, आणि ते फार हळू आले.

तिने घडी पूर्ण केली, बॅगेत ठेवली, चेन ओढली. रागात नव्हती. "हरले होते मी, आबा. तुम्ही रागावलात त्याचं काही नाही," ती म्हणाली. "पण बोलायचंच होतं, तर घरी येऊन बोलायचं होतं ना."